सी टॉवरमधली सुई

चौदा मजले, मजल्यावर चार घरं, आणि त्या छप्पन्न घरांचा कचरा एका भोकातून खाली. प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी भिंतीत स्टीलचं झाकण असायचं. ते ओढायचं, पिशवी आत टाकायची, झाकण सोडून द्यायचं. पिशवी धडधडत तळमजल्याच्या मागच्या खोलीत जाऊन पडायची. याला सगळे ‘शूट’ म्हणायचे. बिल्डरच्या जाहिरातीत स्विमिंग पूल आणि क्लबहाउसच्या जोडीने या शूटचंही नाव होतं. गुडगावच्या अशा सहा टॉवरच्या सोसायटीत मी हाउसकीपिंग सुपरवायझर होते. पिशवी वरून सुटली की तिचं पुढे काय होतं ते बघणं हे माझं काम.

आमचे हे आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंट. रिटायर झाल्यावर कऱ्हाडला परतायचं ठरलं होतं, पण धाकटीची बारावी आडवी आली. तेव्हा गुडगावात रोज एक नवी इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक इमारतीला गेटवर फौजी माणूस हवा होता. हे सिक्युरिटीत लागले. वर्षभरात त्यांच्या साहेबांनी विचारलं, “बायकांशी बोलू शकेल अशी कोणी आहे का?” म्हणून मी लागले. बी.ए. होते, हिंदी चालवून न्यायचे, आणि फौजी क्वार्टरमध्ये राहिल्यामुळे शिस्तीची सवय होती.

पहिल्या महिन्यात मी नुसती बघत राहिले. क्वार्टरमध्ये आमची कचऱ्याची बादली दोन-दोन दिवस भरायची नाही. तुपाचा डबा पिठाला, तो गंजला की तुळशीला. इथे एका घरातून दिवसाला तीन पिशव्या. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल, पाण्याच्या बाटल्या, वाढदिवसाच्या पन्नास-पन्नास प्लेटा अर्ध्या केकसकट. माणसं वाईट नव्हती. दोघं नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडायची, रात्री साडेआठ-नऊला घरी यायची, पगार चांगला, बाजारात रोज नवीन काहीतरी आलेलं. आणि झाकण सोडलं की पिशवी दिसेनाशी व्हायची. दिसत नाही त्याचा विचार कोण करतं?

दिसायची ती फूलमतीला. फूलमती बिहारमधल्या कटिहारकडची, वय पंचविशीच्या आत. तिचा नवरा सायकल-ठेल्यावर माल कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, न्यायचा, आणि ती सी टॉवरच्या खालच्या खोलीत बसून पिशव्या फोडायची. कागद एकीकडे, बाटल्या एकीकडे, पन्नी, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, एकीकडे, जुने लोकरीचे कपडे वेगळे, कारण ते पुन्हा लोकर कातायला पानिपतच्या गिरण्यांत जायचे. बाकी सगळं ड्रममध्ये. वरून पिशवी फुटून यायची, त्यामुळे कागद डाळीत भिजलेला आणि बाटलीला चहाचा चोथा. ती हे सगळं उघड्या हातांनी करायची. मी रबरी हातमोजे दिले होते. ते घालून पन्नी सुटी करता येत नाही म्हणून तिने खुंटीला टांगून ठेवले होते. मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले नाही.

पिशवीवरून तिला घर ओळखता यायचं. “सात सौ तीन में मेहमान आए हैं.” “ग्यारह सौ एक वाले साहब ने फिर पीना शुरू किया.” सुरुवातीला मला मजा वाटायची. मग लक्षात आलं की मलाही हळूहळू सगळं कळायला लागलंय. मी तिला आणि स्वतःला एक नियम घालून दिला: कचऱ्यात दिसलं ते कचऱ्याच्या खोलीबाहेर न्यायचं नाही. या धंद्यातली एवढी एक गोष्ट मी कोणाकडून न शिकता केली, याचा मला अजून अभिमान आहे.

डिसेंबरमधली सकाळ होती. दहाच्या सुमाराला फूलमती माझ्या ऑफिसच्या दारात आली. डाव्या हाताचा पंजा तिने ओढणीत घट्ट गुंडाळला होता.

“मॅडम, सुई घुस गई.”

इंजेक्शनची सुई होती. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली. पिशवी चुरगाळताना तळहातात खोल शिरली होती. तिने वर चुना लावला होता. मी गेटवर फोन केला. हे म्हणाले, “साबण लाव आणि वाहत्या पाण्याखाली धर. दाबू नको, पिळू नको. सुई टाकू नका. मी येतोय.” त्यांचा आवाज ऐकून मला समजलं की हे साधं प्रकरण नाही.

दिल्लीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आम्ही तिघं गेलो. तरुण डॉक्टरीण होती. तिने सुई बघितली, पहिला प्रश्न विचारला, “किसकी है, पता है?” आम्हाला माहीत नव्हतं. मग तिने समजावून सांगितलं. अशा सुईतून काविळीचा किंवा एड्सचा विषाणू येऊ शकतो. शक्यता कमी, पण नाही असं म्हणता येत नाही. म्हणून महिनाभर गोळ्या. सुई ज्याची आहे तो माणूस सापडला आणि त्याचं रक्त स्वच्छ निघालं, तर गोळ्या बंद करता येतील. नाहीतर चालू.

मग तिने विचारलं, “बच्चा है?”

फूलमतीला सहा महिन्यांची मुलगी होती. पिंकी. अंगावर पिणारी.

“जब तक पता न चले, दूध मत पिलाना.”

दुसऱ्या दिवशी मी पंपरूममागच्या त्यांच्या झोपडीत गेले. पिंकी बाटली तोंडात धरत नव्हती. बाहेरचं दूध द्यायचं, ती ओकायची. रडून रडून तिचा आवाज बसला होता. फूलमती लांब भिंतीशी बसली होती, गोळ्यांनी मळमळत होतं, आणि कुडता पुढून ओला झालेला. मुलगी रडली की तिचे हात आपोआप पुढे व्हायचे आणि ती ते परत मांडीखाली दाबायची. एवढंच मी बघितलं आणि परत आले.

सेक्रेटरी मल्होत्राजी केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले. माणूस कामाचा होता, पण प्रत्येक गोष्टीवर सर्क्युलर काढायची सवय गेली नव्हती. त्यांनी नोटीस काढली: सी टॉवरच्या शूटमध्ये सुई टाकणाऱ्याने ताबडतोब ऑफिसात हजर व्हावं, अन्यथा दंड आणि पोलीस. अशा नोटिशीला कोण येणार? कोणीच आलं नाही.

मग ते म्हणाले, “नौ सौ चार. दो लड़के हैं, किराएदार. रात की शिफ्ट, दिन भर सोना. और कौन होगा?”

मलाही तसंच वाटलं, नशेची सुई असणार, हे मी लपवत नाही. गार्डला घेऊन मी नवव्या मजल्यावर गेले. दार विवेक नावाच्या मुलाने उघडलं. कानपूरचा, कॉल सेंटरमध्ये नोकरीला, डोळे झोपेने सुजलेले. मी सरळ म्हणाले, “बाँहें ऊपर करो.”

त्याने स्वेटर काढला, शर्टाच्या दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळल्या आणि हात पुढे धरले. “देख लीजिए आंटी.” मी बघितलं. कोपरात, मनगटाला, पालथे करून. काही नव्हतं. त्याच्या रूममेटनेही न सांगता बाह्या वर केल्या. मी “ठीक है” म्हणाले आणि लिफ्टने खाली आले.

घरी ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, “तू पोलीस आहेस का? आम्ही हॉस्पिटलात सैनिकाला सुद्धा असं विचारत नव्हतो. आजाराला धमकी देऊन तो बाहेर येतो का?”

त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी दुसरी नोटीस लिहिली, हाताने, हिंदीत. खाली मुलीकडून इंग्रजी करून घेतलं. “ज्या बाईला सुई टोचली तिची मुलगी सहा महिन्यांची आहे. डॉक्टरांनी तिला पाजायला मनाई केली आहे. सुई कोणाची हे कळलं तर उद्याच पाजता येईल. मला एकटीला सांगा. नाव कुठेही जाणार नाही.” सकाळी मल्होत्राजी येण्याआधी सी टॉवरच्या दोन्ही लिफ्टमध्ये चिकटवली.

अकराच्या सुमाराला कचऱ्याच्या खोलीत मी ड्रम मोजत होते. दारात एक मुलगी उभी. ऑफिसचे कपडे, गळ्यात आयकार्ड, नाकाला रुमाल. दहाव्या मजल्यावरची अनघा. पुण्याची. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती.

“काकू, सुई माझी आहे,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी तिला उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसवलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. क्लिनिकमध्ये उपचार चालू होते. रोज पोटात एक इंजेक्शन. नवऱ्याला माहीत होतं. पण सासू-सासरे चार महिन्यांसाठी पुण्याहून आले होते, त्यांना सांगितलं नव्हतं.

“दोनदा आधी फेल गेलंय, काकू. तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं म्हणून बरं झालं. आता सांगितलं की रोज आशेने बघत बसतील. मला नाही सहन होत ते. घरातल्या बादलीत टाकता येत नाही, ती माई, माझ्या सासूबाई, स्वतः बांधतात. म्हणून ऑफिसला जाताना शूटमध्ये. कॅप लावली होती हो मी, खरंच लावली होती.”

दहा मजल्यांवरून पडल्यावर कॅप कशी राहणार?

तिने पर्समधून कागद काढला. उपचारांआधी क्लिनिक रक्ताच्या सगळ्या तपासण्या करतं. तीन आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट, सगळं स्वच्छ. “हे चालेल ना?” तिने ऑफिसात सुट्टी सांगितली आणि आमच्याबरोबर हॉस्पिटलला आली. डॉक्टरिणीने तिचं रक्त पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला: गोळ्या बंद, मुलीला पाजा. फूलमतीच्या पुढच्या महिन्यांतल्या तपासण्याही नीट आल्या, हे इथेच सांगून टाकते.

पिंकी ओढणीखाली गेली तेव्हा अनघा झोपडीच्या दारात उभी होती. फूलमतीने तिला विचारलं, “बीमार हो, दीदी?”

“नहीं. बच्चे के लिए लेती हूँ.”

फूलमती म्हणाली, “तो फेंकना क्यों? मेरे हाथ में दे देना.”

मी पुढे बरीच वर्षं या कामात काढली, दुसऱ्या सोसायट्यांमध्ये जाऊन समजावून सांगितलं, पण याच्यापेक्षा वेगळं मला काही सांगता आलं नाही. कचरा फेकायचा नाही, कोणाच्या तरी हातात द्यायचा. हातात द्यायचा म्हटलं की माणूस बघून देतो.

रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. शूट बंद करून दारोदार दोन बादल्यांत कचरा गोळा करायचा, ओला वेगळा, सुका वेगळा, असं मी सुचवलं. गोंधळ झाला. शूटसाठीच घर घेतलं म्हणणारेही निघाले. त्यातच मल्होत्राजी उभे राहिले. म्हणाले, सुईचं प्रकरण मिटलं असेल, पण धडा घ्यायला हवा. बॅचलर भाडेकरूंना सोसायटीत ठेवू नये. आणि नऊशे चारला नोटीस द्यावी.

विवेक मागच्या रांगेत बसला होता. मला खरं माहीत होतं, आणि मी शब्द दिला होता. मी उठून म्हणाले, “सर, सुई उनकी नहीं थी.”

“तो किसकी थी? बताइए.”

मी उभीच राहिले. अनघाकडे बघायचं नाही म्हणून पंख्याकडे बघत होते.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “सुई मेरी थी.”

माई उभ्या होत्या. अनघाच्या सासूबाई. सत्तरीच्या आसपास, नऊवारीवर जाड स्वेटर. “मेरेकू शक्कर की बीमारी है. पोट में सुई लेती हूँ. बहू को भी बताया नहीं. नोटीस देखके डर गई. उन लड़कों को मत बोलो कुछ. मेरी गलती है, माफ करो.”

सत्तर वर्षांच्या बाईला पोलिसाची भीती कशी घालणार? मल्होत्राजी म्हणाले, “माताजी, आप बैठिए, बैठिए.” नऊशे चारची गोष्ट तिथेच संपली. अनघा दुसऱ्या टोकाला नवऱ्याजवळ होती. ती उठली, खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि माईंच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

संध्याकाळी माई माझ्या ऑफिसात आल्या. मी दार लावून घेतलं.

“माई, तुम्हाला मधुमेह आहे?”

“छे! मला काय धाड भरलीय?”

“मग?”

“अगं, बादली मी बांधते. स्पिरिटचा वास, कापसाचे बोळे, औषधाच्या खोक्याचे बारीक-बारीक तुकडे केलेले. नाव जुळवून वाचलं मी. आमच्या शेजारणीच्या सुनेचं असंच चालू होतं. दोन आठवडे झाले मला कळून. ती सांगेपर्यंत मी विचारणार नव्हते. तिला वाटत असेल आम्ही तोंडाकडे बघत बसू. बसलोही असतो! पण परक्याची पोरं घराबाहेर निघायला लागली, मग गप्प कसं बसायचं?”

घरी गेल्यावर त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही.

शूटची झाकणं वेल्डिंग करून बंद केली. पुढचं सोपं झालं असं समजू नका. पहिले दोन महिने लोक पिशव्या जिन्यात ठेवून पळायचे. ए टॉवरच्या मागे ओल्या कचऱ्याचा खड्डा केला, तर त्याचा एवढा वास सुटला की ए टॉवरने सह्यांचं निवेदन दिलं. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, नुसतं ओलं ओलं टाकताय, कोरडं काहीच नाही. थंडीत माळी झाडलेला पाला जाळायचा आणि गार्ड त्यावर हात शेकायचे. तो पाला खड्ड्यात थराथराने घातला, वास गेला. गार्ड मात्र माझ्यावर बरेच दिवस रागावले होते.

माईंनी तर घराघरात शिरून कामच हातात घेतलं. पुण्याला जायचं लांबवलं. फूलमतीबरोबर सी टॉवरचे मजले फिरायच्या, बादली बघायच्या आणि मोडक्या हिंदीत बोलायच्या, “ये भात काहे को फेंका? कल का अंदाजा चुका क्या? एक वाटी कम डालो ना.” सुना-पोरींना राग यायला हवा होता, पण हसू यायचं. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून भाजीवाल्याकडेच ठेवल्या. पार्टीच्या प्लेटांवर उपाय त्यांचाच: सोसायटीने शंभर स्टीलची ताटं घ्यावीत, ज्याच्या घरी कार्यक्रम त्याने न्यावीत, धुवून परत द्यावीत. आपल्याकडे लग्नाची भांडी मंडळातून आणतात तसं. एका वर्षात सी टॉवरचे रोजचे अकरा ड्रम चारवर आले. फूलमती आता सावलीत टेबलाशी उभी राहून कोरडा माल निवडायची, आणि औषधांच्या सुया झाकणाच्या डब्यातून थेट तिच्या हातात यायच्या. तो डबा हॉस्पिटलला जायचा.

अनघाला त्या खेपेला यश आलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला आलं. मुलगी झाली. पेढ्यांचा पहिला डबा घेऊन माई फूलमतीकडे आल्या, पिंकीच्या हातात पेढा दिला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला. मल्होत्राजी तिथूनच चालले होते. ओरडले, “माताजी, शुगर!” दीड वर्षं ही बाई आख्ख्या सोसायटीत बिनसाखरेचा चहा पीत होती. माई पेढा चघळत म्हणाल्या, “ठीक हो गई.”

कुठे बोलावलं की मी ही गोष्ट इथपर्यंत सांगते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. यातलं एक मात्र मी आजवर कुठे सांगितलेलं नाही, ते इथे लिहिते.

मीटिंगनंतर नऊशे चारच्या मुलांना कोणी काही बोललं नाही. तरी महिनाअखेरीला त्यांनी घर सोडलं. मी रोज ठरवायचे, वर जायचं आणि माफी मागायची. रोज काहीतरी काम निघायचं. निघायच्या दिवशी विवेकच ऑफिसात आला. चावी टेबलावर ठेवली. हातात घरातल्या शेवटच्या कचऱ्याच्या दोन पिशव्या होत्या, ओली आणि सुकी, तोंडं बांधलेली. शूट अजून चालू होतं तेव्हा. वेगळं करायला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणाले, “बेटा, उस दिन मैंने...”

त्याने तिसरं, छोटं पुडकं पुढे केलं. वर्तमानपत्राचे कितीतरी पदर, वरून चिकटपट्टी.

“दाढ़ी के ब्लेड हैं, आंटी. अलग बाँध दिए. उनको बोल दीजिएगा, हाथ सँभालकर.”

तो गेला. माझं वाक्य तसंच राहिलं. मी पुडक्यावर पेनाने मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहिलं, आणि फूलमतीला वाचता येत नाही हे आठवून ते हातात घेऊन खाली तिच्याकडे गेले.